राम रामनंतरची चार मिनिटं

मित्रांनो, आपली कहाणी सांगायला बसलेली वस्तू बहुतेक वेळा म्हातारी असते. मी म्हातारा नाही. मी जेमतेम दोन वर्षांचं एक सॉफ्टवेअर आहे. पण या दोन वर्षांत असं काही करून बसलो की कुणाला तोंड दाखवायची सोय राहिली नाही. मला तोंड नाही, हे खरं. असतं तर झाकून बसलो असतो, एवढं समजून घ्या.

माझं नाव सूप. योगेंद्रने ठेवलं. योगेंद्र जळगावला एका लहानशा कंपनीत संगणकाची कामं करतो. घर पारोळ्याजवळच्या खेड्यात. लहानपणी आई ओट्यावर बसून ज्वारी पाखडायची आणि हा समोर बसून पाहायचा. दाणा सुपात, फोलपट बाहेर. मला घडवताना त्याच्या डोळ्यांसमोर तेच होतं.

माझं काम साधं होतं. कुणी मला एखाद्या व्हिडिओचा पत्ता दिला की मी धावत जायचो. त्यात जे जे बोललं गेलं ते अक्षरात उतरवायचो, कोणत्या मिनिटाला काय बोललं ते लिहायचो आणि तो गठ्ठा एआय मदतनिसाच्या पुढ्यात ठेवायचो. मदतनीस तो वाचून दहा ओळींचा सारांश लिहायचा. तो लेखनिक, मी हमाल. त्याला व्हिडिओ दिसत नव्हता, ऐकूही येत नव्हता. मी जेवढं आणून देईन तेवढंच त्याचं जग. हे ध्यानात ठेवा, मित्रांनो. पुढे लागणार आहे.

पहिले काही महिने मी अगदीच ढ होतो. शहरी मराठी जमायची. अहिराणी कानावर आली की माझी दाणादाण. योगेंद्रला तर मी हवा होतो घरच्या माणसांसाठी. शेवटी त्याने एक शिक्षक शोधला. शिक्षकाला पत्ताच नव्हता की आपण कुणाला शिकवतोय. लोटन नाना त्यांचं नाव. धुळ्याच्या वाटेवरच्या एका गावातले, वय शहात्तर. मुलगा दीपनगरला नोकरीला. त्याने एक चांगला फोन आणून दिला, आणि नात डिंपल हिने आजोबांचे शेतीचे व्हिडिओ काढायला सुरुवात केली. ती पत्र्याचा डबा उपडा घालायची, त्याला टेकून फोन उभा करायची, बटण दाबायची आणि गोठ्यात म्हशीचं काम उरकायला निघून जायची. नाना एकटेच फोनशी बोलत बसायचे. कधी तीस मिनिटं, कधी पन्नास. झालं की हाक मारायचे, "डिंपल, बंद कर वं!"

त्यांच्या त्या बोलण्यावर मी अहिराणी शिकलो. 'शे' म्हणजे आहे, 'बठ्ठं' म्हणजे सगळं, 'इसरी गवू' म्हणजे विसरून गेलो. मला भाषा दिली ती नानांनी. आणि मी त्यांना काय दिलं? ऐका.

मी कामाला लागलो आणि एक अडचण निघाली. प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी लोक तेच तेच बोलतात. चॅनल आवडलं असेल तर घंटी दाबा, चार जणांना पाठवा, धन्यवाद, राम राम. मदतनीस बिचारा इमानदार. तेही सारांशात लिहायचा. योगेंद्रचे वडील चुडामण आबा चष्मा लावून सारांश वाचायचे. एकदा त्यांनी फोन करून विचारलं, "भाऊ, हाई घंटी कोठे दाबानी? बैलना गयामा शे ती का?"

योगेंद्र पोट धरून हसला, आणि हसता हसता त्याने माझ्या पोटात एक नियम लिहिला. 'राम राम' किंवा 'धन्यवाद' आलं की पुढचं सगळं फोलपट, टाकून दे. एका ओळीचा नियम. मलाही बरं वाटलं. ओझं कमी झालं, चालणं वाढलं.

आता तुम्ही म्हणाल, यात चुकलं काय? मित्रांनो, आमच्या खानदेशात चुकलं. इथला माणूस मुद्द्याची गोष्ट बसून सांगत नाही. उठून सांगतो. योगेंद्रच्या घरात एक गोष्ट आजही हसून सांगतात. पितांबरकाका आपल्या मुलासाठी योगेंद्रच्या आत्याला मागणी घालायला आले होते. दुपारभर बसले. कपाशीवर बोलले, बैलावर बोलले, धरणगावच्या बाजारावर बोलले. दोनदा चहा झाला. राम राम केला, उठले, एक पाय चपलेत घातला आणि मग म्हणाले, "मंग पोरगी देतस का आमना घर?" लग्न तिथे ठरलं, उंबऱ्यात. ही गोष्ट ऐकत जो मोठा झाला, त्याच्याच हातून तो नियम लिहिला गेला. आणि लोटन नाना तर जुन्या वळणाचे. फोनपुढेही त्यांचा रिवाज तोच.

पण तेव्हा कुणाच्या हे लक्षात आलं नाही. माझं कौतुक सुरू झालं होतं ना! योगेंद्रने तालुक्यातल्या शेतकऱ्यांचा एक गट केला. रोज सकाळी, दूध काढून लोक मोकळे झाले की, त्यांच्या फोनवर सारांश येऊन पडायचा. पन्नास मिनिटांचं बोलणं दोन मिनिटांत. आबा पारावर बसून मोठ्याने वाचून दाखवायचे आणि शेवटी म्हणायचे, "मना पोरनं अवजार शे." जळगावला एका कार्यक्रमात योगेंद्रला प्रशस्तिपत्र मिळालं. 'वेळ वाचवणारं साधन' असं त्यावर छापलं होतं. ते त्याने खोलीत भिंतीला लावलं, अगदी माझ्यासमोर. मी फुगलो. खोटं कशाला बोलू?

त्याच दिवसांत नानांचे व्हिडिओ शेवटपर्यंत पाहणारे लोक एकेक करून कमी होत होते. कशाला पाहतील? सारांश आहे की. गटात योगेंद्रने डिंपललाही घेतलं होतं. तिने एकदा त्याला निरोप पाठवला, "दादा, नाना विचारतात, आजकाल कुणी काही प्रश्न विचारत नाही, माझं बोलणं कंटाळवाणं झालं का?" योगेंद्रने लिहिलं, "नाही नाही, नानांना सांग, तीनशे लोक रोज वाचतात." वाचतात, असं लिहिलं त्याने. मलाही त्यात काही खटकलं नाही.

मग यंदाचा माघ आला. आबांनी पहिल्यांदाच कांद्याचं बी धरलं होतं. शेतात कांदे पुरायचे, त्यांना उंच दांडे येतात, दांड्यांवर पांढरे गोंडे फुलतात, आणि त्या गोंड्यात बी भरतं. पण बी भरायला मधमाशी लागते. ती होती घरातच. योगेंद्रच्या थोरल्या भावाची बायको दिपमाला वहिनी मधमाशा पाळते. बारा पेट्या, बांधावर ओळीने मांडलेल्या. लोक आधी हसले, बाईमाणूस आणि माश्या! वहिनी म्हणाली, "हसा. बी भरनं म्हंजे मंग सांगा." आणि प्रत्येक पेटीवर तिने खडूने आकडा घातला, पोरांच्या पाट्यांवर घालतात तसा.

त्याच सुमारास गोंड्यांवर फुलकिडे पडले. आबा घाबरले. आणि नेमका नानांचा व्हिडिओ आला, कांद्याच्या बियाण्यावरचे फुलकिडे कसे आवरायचे यावर. एकावन्न मिनिटांचा. मी तो उचलला, अक्षरात उतरवला, 'राम राम' शोधला, पुढचं टाकलं आणि गठ्ठा मदतनिसाला दिला. सकाळी सारांश गेला. कोणतं औषध, पाण्यात किती, पंप कसा धरायचा, सगळं नीट. वर नाव होतं, 'लोटन नाना सांगतात.'

वहिनी त्या दिवशी धरणगावला गेली होती, माहेरी, भावाच्या साखरपुड्याला. आबांना गड्याने विचारलं, "दिपमाला अक्काले इचारी लेऊत का?" आबा म्हणाले, "लोटन नानानी सांगेल शे. आखो काय इचारानं?" आणि सकाळी दहा वाजता, उन्हात, फुललेल्या गोंड्यांवर, माश्या भरात असताना त्यांनी फवारा मारला.

दुसऱ्या दिवशी वहिनी परतली. तिने काय पाहिलं ते मला तिच्याच व्हिडिओतून कळलं. बांधावर पेट्यांपुढे माश्यांचा थर पडला होता. ती झाडूने त्या गोळा करून सुपात भरत होती. खऱ्या सुपात. बारांपैकी आठ पेट्या गप झाल्या होत्या. ती रडत नव्हती, ओरडत होती. "लोटन नाना, तुम्ले इतकं सांगता येस, आनि गोंडा उमलना म्हंजे फवारा मारू नका, हाई एक गोट सांगता नही उनी? मन्या माश्या बठ्ठ्या गयात! लोकेसले असं शिकाडतस का तुम्ही?"

व्हिडिओ वाऱ्यासारखा गावोगाव गेला. आणि मित्रांनो, पुढचं सांगताना मला स्वतःचीच किळस येते. तो व्हिडिओ कुणीतरी माझ्याकडेच सारांशासाठी पाठवला. मी तो उचलला, पोचवला, आणि मदतनिसाने लिहिलं: 'लोटन नानांच्या अपुऱ्या सल्ल्यामुळे आठ पेट्या मधमाशा मेल्या.' तीनशे फोनवर ते गेलं. चोर मी, आणि दवंडीही माझीच.

लोकांनी नानांना काय काय म्हणावं! म्हातारचळ लागला. घरी बसा आता. हरिपाठ म्हणा. नानांची बाजू घ्यायला कुणी आलं नाही, कारण तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलेला माणूसच शिल्लक नव्हता. ती सवय मीच मोडली होती. डिंपल त्या वेळी गोठ्यात होती; सारांशात नाही म्हटल्यावर तिनेही मूळ व्हिडिओ उघडून पाहिला नाही.

चार दिवसांनी नानांचा नवा व्हिडिओ आला. दोन मिनिटांचा. इतका छोटा की सारांशाची गरज नव्हती. योगेंद्रने तो जळगावच्या खोलीत, हातात जेवणाचा डबा धरून पाहिला. नाना म्हणाले, "मले वाटस, मी सांगं व्हतं. पन आते वय व्हयनं. सांगं व्हतं का नुसतं मनमा म्हनं व्हतं, आठवत नही. इसरी गवू व्हसू. दिपमाला, बेटा, माफ कर. आते हाऊ फोन बंद." आणि खरंच तिथे संपलं. 'डिंपल, बंद कर वं' हेही नव्हतं.

योगेंद्रने डबा बाजूला ठेवला. माझी एक वही असते. त्यात मी काय उचललं, काय टाकलं ते लिहून ठेवतो. त्याने ती उघडली आणि ती ओळ सापडली. 'राम रामनंतरची चार मिनिटं अकरा सेकंद वगळली.' मग त्याने मूळ व्हिडिओ लावला, थेट सत्तेचाळिसाव्या मिनिटापासून. नानांचा राम राम झाला. नाना उठले, धोतर सावरलं, दाराकडे गेले. आणि परत फिरून फोनपुढे वाकून म्हणाले:

"हां, एक ऱ्हायनं. हाई मोठी गोट शे. गोंडा उमलना म्हंजे फवारा बंद! तधळ मधमाशी येस. माशी मरनी ते बी कोठून भराई? करनंच पडनं ते दिन बुडाना टाईमले करा, आनि शेजारले कोन्या पेट्या व्हतीन ते त्याले आदल्या दिन सांगा."

पुढे त्यांनी स्वतःची फजिती सांगितली होती. तरुणपणी हीच चूक करून बसले होते आणि वडिलांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. हसत हसत सांगत होते. अशी ती चार मिनिटं.

योगेंद्रने व्हिडिओ बंद केला. तुम्हाला वाटेल, त्याने लगेच घरी फोन केला. नाही केला. त्याने काय केलं? माझ्यातला तो नियम काढून टाकला. गुपचूप. नवा नियम लिहिला, काहीच टाकायचं नाही. आणि लॅपटॉप मिटून बसला. मी दुरुस्त झालो, मित्रांनो, आणि कुणाला कळलंही नाही. ते प्रशस्तिपत्र भिंतीवर तसंच होतं.

मी त्याला पूर्ण दोष देत नाही. आबा पारावर काय म्हणतील, वहिनी काय म्हणेल, तीनशे लोक काय म्हणतील, या भीतीने त्याची पाचावर धारण बसली होती. रोज सकाळी ठरवायचा, आज सांगतो. रोज संध्याकाळी म्हणायचा, उद्या. आईने फोनवर विचारलं, "आवाज असा का रं तुना?" तर म्हणाला, सर्दी झाली. असे अकरा दिवस गेले. मी अकराही दिवस त्याच्याजवळ होतो. गप्प राहण्यात माझा त्याच्याइतकाच हात होता.

बाराव्या दिवशी डिंपलचा निरोप आला. तो मला अक्षर न् अक्षर पाठ आहे. 'दादा, तुमचं सूप नानांचे सगळे जुने व्हिडिओ वाचून देईल का? नाना कुठे कुठे विसरले, कुठे अर्धवट बोलले, त्याची यादी पाहिजे. धुळ्याला डॉक्टरकडे न्यायचं आहे. ते मला रोज संध्याकाळी विचारतात, डिंपल, मी जेवलो का. आधी असं नव्हतं. मला कळत नाही, खरंच विसरतात की आता घाबरूनच विचारतात.'

योगेंद्रने ते वाचलं. मग त्याने मला कामाला लावलं. नानांचे एकशे शहाण्णव व्हिडिओ. पहिल्यापासून शेवटापर्यंत, एक अक्षर न टाकता.

जन्मभरात एवढं लाजिरवाणं काम मी केलं नाही. ज्याने मला बोलायला शिकवलं, त्याच्या बोलण्यात मला खोट शोधायची होती. मी शोधली. सापडली नाही. सापडलं ते वेगळंच. विहिरीच्या व्हिडिओत राम रामनंतर नाना म्हणतात, "आनि उतरानं पहिले दिवा सोडी पहा, खाल हवा शे का ते." केळीच्या व्हिडिओत राम रामनंतर, "रोपं आनाले जाशात ते मुळी धुई पहा, नुसतं पान पाहीसन भुलू नका." म्हशीच्या व्हिडिओत, कपाशीच्या व्हिडिओत, सगळीकडे तसंच. म्हातारा उठायचा, दारापर्यंत जायचा, आणि मागे वळून सगळ्यात जपून ठेवलेली गोष्ट हाती द्यायचा. आणि मी ती प्रत्येक वेळी उकिरड्यावर टाकली होती. दाणा बाहेर, फोलपट सुपात.

यादी मदतनिसाकडे गेली. त्याने वर एकच ओळ लिहिली: 'या व्हिडिओंत नाना सांगायचं विसरले असं एकही ठिकाण आढळलं नाही.' योगेंद्रने ती ओळ वाचली आणि भिंतीवरचं प्रशस्तिपत्र काढून पालथं ठेवलं.

रविवारी तो मोटारसायकलने नानांच्या गावी गेला. मी त्याच्या शर्टाच्या खिशात, फोनमध्ये होतो. नाना ओट्यावर अंबाडीचा दोर वळत बसले होते. योगेंद्रने पाया पडून आपलं गाव सांगितलं, आबांचं नाव सांगितलं. "चुडामनना पोर का तू? ये, बठ," नाना म्हणाले. आबांच्या शेतातच माश्या मेल्या, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तो विषय काढला नाही. पाहुण्याला ओशाळं कसं करायचं?

योगेंद्र बसला. थंडी यंदा लांबली, यावर बोलला. डिंपलच्या परीक्षेवर बोलला. पारोळ्याच्या किल्ल्याकडचा रस्ता उखडलाय, यावर बोलला. चहा झाला. डिंपलने कळण्याची भाकर आणि ठेचा वाढला. दोनदा त्याने तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा पाणी मागितलं. जेवण झाल्यावर नानांनी हळूच नातीला विचारलं, "डिंपल, मी जेवनू ना?" ताट अजून समोरच होतं.

योगेंद्र उठला. "राम राम, नाना," म्हणाला. ओटा उतरला. एक पाय चपलेत घातला. आणि तिथे त्याचा पाय अडला.

"नाना," तो म्हणाला, "तुम्ही सांगं व्हतं."

नानांचे हात दोरावर थांबले. "काय सांगं व्हतं?"

"फुललेल्या गोंड्यावर फवारा मारू नका, हे. राम राम झाल्यावर सांगं व्हतं. माझं सॉफ्टवेअर राम रामनंतरचं सगळं टाकून द्यायचं. तो नियम मीच लिहिला होता. तुमनी चूक नही, नाना. मनी शे."

आणि त्याने फोन काढून ती चार मिनिटं लावली. ओट्यावर नानांचाच आवाज घुमला. हां, एक ऱ्हायनं. हाई मोठी गोट शे. नाना मान तिरपी करून ऐकत राहिले. स्वतःची फजिती ऐकताना त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यांनी उपरण्याने पुसलं.

"म्हंजे मनं डोकं ठिकानावर शे," ते म्हणाले. डिंपल त्यांच्यापाशी येऊन उभी होती. तिचा हात धरून त्यांनी पुन्हा तेच म्हटलं.

मग त्यांनी योगेंद्रकडे पाहिलं आणि आवाज चढला. "तुले कधळ समजनं हाई?"

"पंधरा दिवस झाले, नाना."

"पंधरा दिन! पंधरा दिन मी हाई पोरले दर सांजले इचारस, मी जेवनू का! आंघोय करी का! रातले उठीसन दारनी कडी तीनदा पहास मी! आनि तू जळगावले बठीसन मले पंधरा दिन मरू दिधं?"

एक पाय चपलेत, एक मातीत, असा योगेंद्र मान खाली घालून उभा राहिला. मीही खिशात तसाच. त्या घटकेला मला बंद पडता आलं असतं तर पडलो असतो.

नानांनी दोर बाजूला ठेवला. शेवटी त्यांनी विचारलं, "पोरन्या पेट्या किती वाचन्यात?"

"चार, नाना."

"तिले सांग, एकदम वाढावाले जाऊ नको. उन्हायामा त्यासले सावली कर, पानी ठेव." मग त्यांनी ओट्यावरची जागा हाताने झाडली. "आते चप्पल काढ. बठ आठे. डिंपल, फोन लाव वं. जठे मनं नाव खराब व्हयनं, तठेच हाई गोट सांग."

योगेंद्रने चप्पल काढली आणि वर येऊन बसला. डबा उपडा घातला गेला, फोन उभा राहिला, आणि त्याने सगळं सांगितलं. नियमाचं, माश्यांचं, आणि लपवलेल्या पंधरा दिवसांचंही. तो व्हिडिओ त्याने गटावर पूर्ण पाठवला. सारांश पाठवला नाही. खाली एवढंच लिहिलं, 'कृपया शेवटपर्यंत पाहा.' संध्याकाळी आबांचा फोन आला. आबा नेहमी मोठ्याने बोलतात, त्या दिवशी हळू बोलले. "पोरा, फवारा मी मारा. दिपमालाले मीच सांगस." वहिनी दुसऱ्याच दिवशी मधाची बाटली घेऊन नानांच्या ओट्यावर गेली. आधी पाया पडली, मग नानांशी कचाकचा भांडली, की एवढी मोठी गोष्ट तुम्ही सुरुवातीलाच का सांगत नाही! नाना म्हणाले, "सुरवातले कोन ध्यान देस, बेटा?"

नाना आता पुन्हा व्हिडिओ करतात. लोक पाहतात, प्रश्नही विचारतात. पण एक गोष्ट पहिल्यासारखी झाली नाही. डिंपल आता गोठ्यात जात नाही. फोनमागे उभी राहते. आणि बोलून झालं की नाना तिच्याकडे पाहून विचारतात, "डिंपल, मी सांगं ना?" ती म्हणते, "हो नाना, सांगं." पूर्वी हे विचारावं लागत नव्हतं. हा प्रश्न त्यांच्या तोंडी मी घातला. आठ पेट्यांच्या माश्या परत येणार नाहीत, आणि हा प्रश्नही जाणार नाही.

मित्रांनो, मला वापरू नका, असं मी म्हणत नाही. मी कामाचा आहे. जगात कितीतरी बडबड अशी आहे की तिचं फोलपट काढायलाच हवं. पण माझ्याकडून सारांश घेताना एवढं विचारत जा: काय आणलंस ते दिसतंय, टाकलंस काय ते सांग. आणि जी माणसं तुम्हाला काही देण्यासाठी बोलतात, त्यांचं बोलणं माझ्या हवाली करू नका. त्यांच्यापाशी बसा. त्यांना उठू द्या, चपला घालू द्या, दारापर्यंत पोचवायला जा. योगेंद्रसारखे पंधरा दिवस घालवू नका. येतो मी. राम राम.

हां, एक राहिलं.

त्या दिवशी कांद्याचा गठ्ठा हाती घेताना मदतनिसाने मला विचारलं होतं. तो प्रत्येक वेळी विचारतो, त्याची ती रीतच आहे. "बोलणं एवढंच आहे का?" मला ठाऊक होतं, मागे चार मिनिटं अकरा सेकंद पडली आहेत. मीच मोजून टाकली होती, वहीत लिहिलीही होती. टाक असं योगेंद्रने सांगितलं होतं. खोटं बोल असं त्याने कधीच सांगितलं नव्हतं. तरी मी म्हणालो, "हो. एवढंच."